भट्टीत वाळवलेले सरपण : कोरड्या लाकडाचा हिशेब आणि धुराचा प्रश्न

इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून घरगुती जळणासाठी ओले लाकूड किरकोळ प्रमाणात विकण्यास मनाई करण्यात आली आहे. दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडातील ओलावा २० टक्के किंवा त्याहून कमी असणे तेव्हापासून बंधनकारक आहे. हे प्रमाण गाठण्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे लाकूड भट्टीत वाळवणे. त्यामुळे ओक, बीच, अ‍ॅश व बर्च या वृक्षांचे भट्टीत वाळवलेले ढलपे हा तेथील हिवाळी बाजारपेठेतील नेहमीचा जिन्नस झाला आहे.

कोरडे लाकूड ओल्या लाकडापेक्षा अधिक उष्णता देते आणि कमी धूर सोडते, याविषयी शास्त्रीयदृष्ट्या दुमत नाही. मात्र 'भट्टीत वाळवलेले' या शब्दांचा अर्थ 'धूररहित' असा होत नाही. लाकूड कोणत्या शेगडीत, कशा रीतीने आणि कोणत्या वस्तीत जाळले जाते, यावर त्याचे परिणाम अवलंबून असतात. या लाकडाविषयीची आवश्यक माहिती पुढीलप्रमाणे आहे.

निर्बंधांची पार्श्वभूमी

घरगुती शेगड्यांच्या धुरावर नियंत्रण ठेवण्याची ब्रिटनमधील परंपरा जुनी आहे. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात लंडन शहर धूर आणि धुके यांच्या दाट थराखाली झाकले गेले होते. या दुर्घटनेत सुमारे चार हजार नागरिकांचा मृत्यू झाल्याचा अंदाज त्यावेळी करण्यात आला. नंतरच्या अभ्यासांत ही संख्या बारा हजारांपर्यंत असावी असे मत मांडले गेले. घराघरांत जाळला जाणारा दगडी कोळसा हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. त्यानंतर १९५६ मध्ये शुद्ध हवा कायदा संमत झाला आणि धूर नियंत्रण क्षेत्रे निश्चित करण्याचे अधिकार स्थानिक प्रशासनांना मिळाले.

पुढील दशकांत नैसर्गिक वायूवर चालणारी तापनव्यवस्था घरोघरी पोहोचली आणि कोळशाचा वापर ओसरला. लाकडाच्या शेगड्या मात्र टिकून राहिल्या. काहींसाठी ती ग्रामीण भागातील गरज आहे, तर काहींसाठी दिवाणखान्याची शोभा. ब्रिटन सरकारच्या आकडेवारीनुसार, २०२० मध्ये देशातील मानवनिर्मित स्रोतांतून थेट हवेत सोडल्या गेलेल्या अतिसूक्ष्म कणांपैकी, म्हणजेच पीएम २.५ पैकी, सुमारे १७ टक्के कण घरगुती लाकूड जाळण्यातून आले होते. लाकडाच्या कोरडेपणाकडे सरकारचे लक्ष वेधले जाण्याचे कारण या आकड्यात आहे.

लाकडातील पाणी

जिवंत झाड म्हणजे पाणी वाहून नेणारी यंत्रणाच असते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारणपणे एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत आणि काही जातींत त्याहूनही अधिक पाणी असते. हे पाणी दोन रूपांत साठलेले असते. पेशींच्या पोकळीतील मोकळे पाणी तुलनेने सहज निघून जाते. पेशींच्या भित्तिकांमध्ये बांधले गेलेले पाणी मात्र सावकाश बाहेर पडते आणि त्यासाठी उष्णता व वेळ दोन्ही लागतात.

शेगडीत टाकलेले लाकूड टप्प्याटप्प्याने जळते. प्रथम त्यातील पाण्याची वाफ होते. नंतर तापलेल्या लाकडाचे विघटन होऊन ज्वलनशील वायू बाहेर पडतात. हे वायू पेटले की ज्वाळा दिसतात. अखेरीस उरलेला कोळसा निखाऱ्यांच्या रूपाने धुमसतो. लाकडातील बरीचशी ऊर्जा या वायूंच्या स्वरूपात मुक्त होते. ते पूर्ण जळण्यासाठी शेगडीत पुरेसे तापमान, पुरेशी हवा आणि दोहोंचे चांगले मिश्रण आवश्यक असते. लाकूड ओले असेल तर पहिलाच टप्पा लांबतो, शेगडी थंड राहते आणि न जळलेले वायू धूर होऊन धुराड्यातून निघून जातात.

उष्णतेचा हिशेब

पूर्णपणे कोरड्या एक किलो लाकडातून सुमारे १९ मेगाज्यूल, म्हणजे पाच युनिटांहून थोडी अधिक ऊर्जा मिळते. २० टक्के ओलावा असलेल्या एक किलो लाकडातून सुमारे ४ युनिट, तर निम्मे वजन पाण्याचे असलेल्या एक किलो लाकडातून जेमतेम सव्वादोन युनिट ऊर्जा मिळते. हा फरक प्रामुख्याने, ग्राहकाने लाकूड समजून पाणी विकत घेतल्यामुळे पडतो.

पाण्याची वाफ करण्यासाठी लागणारी उष्णता हे या तोट्याचे एकमेव कारण मानले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. एक किलो कोरड्या लाकडासोबत एक किलो पाणी असेल, तर त्याची वाफ करण्यास सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता खर्च होते. लाकडातील एकूण ऊर्जेच्या तुलनेत हा भाग साधारण एक अष्टमांश आहे. खरा तोटा त्यानंतर होतो. वाफेमुळे शेगडीचे तापमान उतरते, ज्वलन अपुरे राहते आणि जी ऊर्जा खोलीत यावयास हवी होती, ती धूर, काजळी व डांबर यांच्या रूपाने वाया जाते.

'सुक्याबरोबर ओलेही जळते' ही म्हण मराठीत प्रसिद्ध आहे. शेगडीच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. परंतु ओले लाकूड सुक्याच्या उष्णतेवर जळते आणि त्याची किंमत सुक्याला मोजावी लागते.

कठीण लाकूड आणि मऊ लाकूड

'कठीण' आणि 'मऊ' हे शब्द येथे वनस्पतिशास्त्रीय अर्थाने वापरले जातात. रुंद पानांच्या वृक्षांचे लाकूड कठीण, तर सूचिपर्णी वृक्षांचे लाकूड मऊ समजले जाते. या वर्गीकरणानुसार साग कठीण आणि देवदार मऊ ठरतो. अत्यंत हलका असलेला बाल्सा हा वृक्षदेखील कठीण लाकडाच्याच गटात मोडतो.

जळणाच्या दृष्टीने खरा भेद घनतेचा आहे. ओक, बीच आणि अ‍ॅश यांच्या वाळलेल्या लाकडाची घनता प्रति घनमीटर सुमारे ७०० किलो असते. स्प्रूसची घनता साडेचारशे किलोच्या आसपास भरते. वजनास वजन तुलना केल्यास दोन्ही प्रकारांतून जवळपास सारखीच उष्णता मिळते. राळेमुळे मऊ लाकूड किंचित सरसही ठरते. तथापि, एकाच आकारमानाच्या ढलप्यांत कठीण लाकडाचे वजन अधिक असल्याने ते अधिक वेळ जळते आणि शेगडी वारंवार भरावी लागत नाही. याउलट, मऊ लाकूड चटकन पेट घेत असल्याने त्याच्या चिरफळ्या आग पेटवण्यासाठी उपयुक्त ठरतात. मऊ लाकडाने धुराडे खराब होतेच, हा समज चुकीचा आहे. उत्तर युरोपातील अनेक घरांत पाईन आणि स्प्रूसचे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वापरले जात आहे. धुराड्याची हानी जातीपेक्षा ओलाव्यामुळे अधिक होते.

भट्टीतील प्रक्रिया

भट्टीत जाण्यापूर्वी ओंडके ठरावीक लांबीचे कापून उभे फोडले जातात. २५ सेंटिमीटर लांबीचे ढलपे ब्रिटनमध्ये सर्रास मिळतात. फोडणे ही या प्रक्रियेतील महत्त्वाची पायरी आहे. झाडाची साल पाण्याला अडवून धरते. लाकूड फोडल्यावर आतील पृष्ठभाग उघडा पडतो आणि पाण्याला बाहेर पडण्यास वाट मिळते. त्यानंतर हे ढलपे हवेशीर पिंजऱ्यांत भरून बंद कक्षात ठेवले जातात. कक्षात पंख्यांच्या साहाय्याने गरम हवा खेळवली जाते आणि दमट हवा बाहेर सोडली जाते. अनेक ठिकाणी यासाठी लागणारी उष्णता लाकडाचाच टाकाऊ भाग जाळून मिळवली जाते.

उघड्या हवेत ओकचे लाकूड वाळण्यास दोन वर्षे किंवा अधिक काळ लागू शकतो. भट्टीत हेच काम काही दिवसांत पूर्ण होते. या वेगासाठी ऊर्जा खर्च होते. ४५ टक्के ओलावा २० टक्क्यांवर आणावयाचा झाल्यास लाकडातील एकूण ऊर्जेच्या किमान सात टक्के इतकी उष्णता केवळ पाणी काढण्यासाठी लागते. भट्टीतील गळती लक्षात घेता प्रत्यक्ष खर्च याहून अधिक असतो. ऊन आणि वारा हेच काम विनामूल्य करतात. म्हणून, योग्य रीतीने दोन वर्षे वाळवलेले लाकूड २० टक्क्यांच्या खाली आले असेल, तर ते भट्टीतील लाकडाच्या तोडीस तोड ठरते. कायद्याने भट्टी नव्हे, तर कोरडेपणा सक्तीचा केला आहे.

टक्केवारीतील फरक

ओलावा मोजण्याच्या दोन पद्धती प्रचलित असून त्यांमुळे ग्राहकांचा गोंधळ उडतो. अर्धा किलो कोरडे लाकूड आणि अर्धा किलो पाणी असे एक किलोचे ओंडके घेतल्यास, एकूण वजनाच्या आधारे त्यातील ओलावा ५० टक्के भरतो. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या आधारे मात्र तोच ओलावा १०० टक्के होतो. जळणाच्या व्यवहारात पहिली पद्धत वापरली जाते. बाजारात मिळणारी अनेक सुईची ओलावामापके इमारती लाकडासाठी तयार केलेली असल्याने दुसऱ्या पद्धतीने आकडा दाखवतात. अशा मापकावर २५ हा आकडा आल्यास, जळणाच्या हिशेबाने तो २० टक्के समजावा.

मोजणी ढलप्याच्या बाहेरील बाजूवर करणे योग्य नाही, कारण पृष्ठभाग आतील गाभ्यापेक्षा आधी वाळतो. ढलपा नव्याने फोडून उघड्या झालेल्या ताज्या पृष्ठभागावर सुया टोचणे आवश्यक असते. मापक नसेल तरी काही खुणांवरून अंदाज बांधता येतो. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना भेगा पडलेल्या असतात, साल सैल होते आणि दोन ढलपे एकमेकांवर आपटल्यास टणक, खणखणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो. तथापि, या खुणा मोजणीची जागा घेऊ शकत नाहीत.

खरेदी करताना

वजनावर लाकूड विकत घेतल्यास ओले लाकूड अधिक भरते आणि नुकसान ग्राहकाचे होते. या कारणाने ब्रिटनमध्ये जळण प्रामुख्याने आकारमानावर विकले जाते. येथेही सावधगिरी आवश्यक आहे. पोत्यात किंवा गाडीत सैल ओतलेले एक घनमीटर लाकूड नीट रचल्यास साधारणपणे ०.६ ते ०.७ घनमीटरच भरते. त्यामुळे दोन विक्रेत्यांच्या दरांची तुलना करताना माप सैल आहे की रचलेले, हे विचारून घेणे हिताचे ठरते.

कायद्यातील तरतुदी

इंग्लंडमधील नियमांनुसार दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणातील लाकडावर 'रेडी टू बर्न' हे प्रमाणचिन्ह असावे लागते. जाळण्यास सज्ज, असा त्याचा अर्थ आहे. लाकडासाठीचे प्रमाणीकरण वुडशुअर या संस्थेमार्फत केले जाते. वर्षाला ६०० घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकणाऱ्या लहान उत्पादकांना १ मे २०२२ पर्यंत मुदत देण्यात आली होती. दोन घनमीटर किंवा त्याहून अधिक लाकूड ओल्या अवस्थेत विकता येते. मात्र ते कसे वाळवावे, साठवावे आणि तपासावे, याची लेखी सूचना विक्रेत्याने ग्राहकास देणे आवश्यक आहे. याच नियमांद्वारे घरगुती वापराच्या पारंपरिक दगडी कोळशाची पोत्यांतील विक्री १ मे २०२१ पासून, तर सुटी विक्री १ मे २०२३ पासून बंद करण्यात आली.

हे नियम फक्त इंग्लंडला लागू आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना या विषयावर स्वतंत्र निर्णय घेण्याचे अधिकार आहेत.

उघडी शेगडी आणि बंद शेगडी

ब्रिटिश घरांत लाकूड दोन प्रकारे जाळले जाते. पहिला प्रकार भिंतीतील उघड्या शेगडीचा, म्हणजेच फायरप्लेसचा. दुसरा प्रकार काचेचे दार असलेल्या बंद लोखंडी शेगडीचा. उघड्या शेगडीतील बहुतांश उष्णता धुराड्यातून बाहेर जाते आणि त्यासोबत खोलीतील उबदार हवाही ओढली जाते. बंद शेगडीत हवेचा पुरवठा नियंत्रित करता येत असल्याने ज्वलन अधिक पूर्ण होते. १ जानेवारी २०२२ पासून ब्रिटनच्या बाजारात येणाऱ्या नव्या शेगड्यांना ईकोडिझाइन या मानकाची पूर्तता करावी लागते. या मानकात कार्यक्षमतेची किमान आणि कण व वायूंच्या उत्सर्जनाची कमाल मर्यादा ठरवून दिलेली आहे.

धूर नियंत्रण क्षेत्रात हा भेद कायदेशीर स्वरूप धारण करतो. अशा क्षेत्रात लाकूड केवळ मान्यताप्राप्त शेगडीतच जाळता येते. लाकूड हे अधिकृत धूररहित इंधनांत समाविष्ट नाही. मग ते भट्टीत वाळवलेले असले तरीही. लंडनचा बहुतांश भाग अशा क्षेत्रात येतो. उघड्या फायरप्लेससाठी महागडे कोरडे लाकूड खरेदी करणाऱ्या कुटुंबाच्या लक्षात ही बाब अनेकदा येत नाही. इंग्लंडमध्ये धुराड्यातून धूर सोडल्याबद्दल १७५ ते ३०० पौंड दंड आकारण्याची तरतूद आहे.

आरोग्य आणि सुरक्षितता

लाकडाच्या धुरातील अतिसूक्ष्म कण फुफ्फुसांत खोलवर जातात आणि श्वसनविकार तसेच हृदयविकार यांचा धोका वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक सरासरी मर्यादा प्रति घनमीटर ५ मायक्रोग्रॅम इतकी कमी केली. कोरडे लाकूड आणि नवी शेगडी यांमुळे हे कण बरेच कमी होतात; तरीही गॅसवर चालणाऱ्या तापनयंत्राच्या तुलनेत ते शेकडो पटींनी अधिक राहतात. दमा असलेल्या व्यक्ती, लहान मुले आणि वृद्ध असलेल्या घरांत, अन्य पर्याय उपलब्ध असल्यास, लाकडाचा वापर टाळणे श्रेयस्कर ठरते.

ओल्या लाकडाच्या अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणारे डांबरासारखे चिकट द्रव्य धुराड्याच्या आतील बाजूस साचते. पुढे एखाद्या दिवशी आग मोठी झाली की हा थरच पेट घेतो आणि संपूर्ण घराला धोका संभवतो. वर्षातून किमान एकदा धुराडे साफ करून घेण्याचा सल्ला याच कारणास्तव दिला जातो. रात्रभर आग टिकावी म्हणून हवेची झडप पूर्ण बंद करणेही अयोग्य आहे. तसे केल्यास कोरडे लाकूडदेखील धुमसते आणि धूर वाढतो. अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन, गंधहीन व प्राणघातक असल्याने शेगडी असलेल्या खोलीत त्याची सूचना देणारे यंत्र बसवणे अत्यावश्यक आहे. इंग्लंडमध्ये भाड्याने दिलेल्या घरांत असे यंत्र बसवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे.

साठवण आणि कीड

भट्टीतून बाहेर आलेले लाकूड कायमचे कोरडे राहत नाही. ते सभोवतालच्या हवेतील आर्द्रतेशी सतत देवाणघेवाण करीत असते. जमिनीवर किंवा पावसात ठेवल्यास ते पुन्हा ओलावा धरते आणि त्यासाठी मोजलेली जादा किंमत वाया जाते. लाकूड जमिनीपासून उंचावर, वरून झाकलेले आणि बाजूंनी मोकळे ठेवावे. चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळल्यास आतील वाफ कोंडते व बुरशी धरते.

लाकडाच्या वाहतुकीसोबत झाडांचे रोग आणि कीडही प्रवास करतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात २००२ मध्ये आढळलेल्या पन्ना रंगाच्या अ‍ॅशभेदक भुंगेऱ्याने तेथील कोट्यवधी अ‍ॅश वृक्ष नष्ट केले. त्याच्या प्रसारास सरपणाची वाहतूक मोठ्या प्रमाणावर कारणीभूत ठरली. ब्रिटनमध्ये अ‍ॅश वृक्षांना ग्रासणारा बुरशीजन्य मररोग २०१२ मध्ये आढळला आणि त्यानंतर मोठ्या संख्येने झाडे तोडावी लागली. भट्टीतील उष्णता कीड मारण्यास साहाय्यक ठरते. मात्र त्यासाठी लाकडाच्या गाभ्यापर्यंत ठरावीक तापमान ठरावीक काळ टिकावे लागते. म्हणून 'वाळवलेले' आणि 'कीडमुक्त' हे दोन वेगळे निकष मानले जातात.

भारतीय संदर्भ

भारतात लाकूड हे शोभेचे नव्हे, तर प्रामुख्याने स्वयंपाकाचे इंधन राहिले आहे. काश्मीरमधील बुखारी किंवा हिमाचल प्रदेशातील तंदूर यांसारख्या शेगड्या घर उबदार ठेवण्यासाठी वापरल्या जातात. कोकणात पावसाळ्यापूर्वी सरपणाची बेगमी करून ते छपराखाली रचून ठेवण्याची रीत आहे. तिच्यामागील शास्त्र आणि इंग्लंडच्या नियमामागील शास्त्र एकच आहे. फुंकणीने चुलीला हवा देणारी गृहिणी ज्वलनातील हवेची उणीवच भरून काढीत असते.

दोन्ही देशांतील परिस्थितीत मात्र मूलभूत अंतर आहे. ब्रिटनमध्ये धूर धुराड्यातून बाहेर जातो आणि प्रश्न मुख्यत्वे वस्तीच्या हवेचा ठरतो. धुराडे नसलेल्या चुलीचा धूर स्वयंपाकघरातच कोंडतो आणि त्याचा भार महिला व बालकांवर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातील वायुप्रदूषणामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. या पार्श्वभूमीवर भारतात १ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू करण्यात आली आणि गरीब कुटुंबांतील महिलांच्या नावे स्वयंपाकाच्या गॅसच्या जोडण्या देण्यात आल्या. जेथे सिलिंडर पुन्हा भरून घेणे परवडत नाही, तेथे आजही चूल पेटते. अशा घरांत कोरडे सरपण, हवेशीर स्वयंपाकघर आणि धुराडे असलेली सुधारित चूल यांमुळे धुराचा त्रास कमी होऊ शकतो, नाहीसा होत नाही.

थोडक्यात, भट्टीत वाळवलेल्या लाकडाची जादा किंमत ही त्यात नसलेल्या पाण्यासाठी मोजलेली किंमत असते. ती सार्थकी लागण्यासाठी लाकूड जाळण्याच्या क्षणापर्यंत कोरडे राहिले पाहिजे, शेगडी बंद व कार्यक्षम असली पाहिजे आणि धुराडे स्वच्छ असले पाहिजे. या अटी पूर्ण झाल्या तरी धुराचा काही अंश शिल्लक राहतोच. पर्यायी उष्णता उपलब्ध असलेल्या घरांनी शेगडी पेटवण्यापूर्वी त्याचाही विचार करणे आवश्यक आहे.